क्रियापदाची टोपी

वेटेहून कागद आला, शिक्का जांभळा, फिसकटलेला:
या आठवड्याचं अक्षर क.
कृतीचे पाच शब्द शिकवावेत.
मुलांनी ते करून दाखवावेत.

बी झुवेना इतकी हसली
की डोक्यावरचा कांगा खांद्यावर आला.
पाचच?
अख्ख्या पेम्बा बेटावर अशी कुठली कृती आहे
जी क-नं सुरू होत नाही?

कुरुका, उडी मारणे.
कुचेका, हसणे.
कुलाला, झोपणे, आणि हाफिध लगेच आडवा,
घोरायलाही लागला, डब्यावर हात ठेवून.
कुकिम्बिया, धावणे, आणि बालवाडी रिकामी.
आंब्याला वळसा घालून
थेट रस्त्यावर वाळत घातलेल्या लवंगांवरून
अठ्ठावीस अनवाणी पाय,
मागे चटईचा मालक, हातात चप्पल.
त्यालाही धावणे आलं, न शिकवता.

आपल्याकडे कसं, क्रियापद आधी काम उरकतं
आणि मग णे-ला टेकून बसतं.
धावणे, हसणे, पडणे:
दमून उंबऱ्यावर टेकल्यासारखं.
त्यांच्याकडे कु आधीच, डोक्यावर,
शुक्रवारच्या धुतलेल्या टोपीसारखा.

"आज टोपी काढू," मंगळवारी बी झुवेना म्हणाली.
फळ्यावरचा कु तिनं तळव्यानं पुसला.
उरला रुका.
"आता हा दुसऱ्याला सांगायचा."
साब्रानं भावाला सांगितलं, रुका.
भावानं उडी मारली.
साब्रानं पटकन तोंडावर हात ठेवला,
अजून काही निघू नये म्हणून.

सगळेच शब्द टोपी काढू देत नाहीत.
कुला, खाणे, एवढासा जीव,
टोपी काढली तर सर्दी होईल,
म्हणून हुकूम सोडतानाही ती तशीच ठेवायची.
आणि कुजा, येणे, तो तर महाहट्टी:
त्याची टोपी उचलावी
तर खालून भलताच कुणी निघतो, न्जो.
"असं का?" खातिबूनं विचारलं.
"येणाऱ्यांचं काही सांगता येत नाही,"
बी झुवेना म्हणाली, आणि खडू शोधायला लागली.
खडू तिच्या हातातच होता.

म्वानाकोम्बो सोमवारपासून गप्प.
तिची आई मस्कतला, दुसऱ्यांची मुलं झोपवते.
महिन्यातून एकदा मावशीच्या फोनवर
आईचा चेहरा येतो, अर्धा, गोठलेला,
कधी नुसतं कपाळ.

गुरुवारी तिनं हात वर केला.
कुरुदी.
परतणे.
"करून दाखव," मागून कुणीतरी.
ती उठली, दारापर्यंत गेली,
आली, बसली.
ह्यॅ, पोरं म्हणाली, ही काय कृती झाली?

मग ती फळ्याशी गेली,
चवड्यांवर उभी राहिली, तरी हात पुरेना,
बी झुवेनानं तिला काखेत धरून उचललं.
कु पुसला तिनं. नीट, कोपऱ्यापर्यंत.
आपण णे पुसला असता,
तर उरलं असतं परत.

"रुदी," ती म्हणाली, खिडकीकडे बघून.
खिडकीत फक्त एक शेळी होती, निघालेली.
ती थांबली. कान हलवला. वळली.
वर्ग हसून हसून बाकांखाली गेला,
हाफिध तर खरंच,
आणि म्वानाकोम्बोही हसली, खांद्यावरून,
नाकाला खडू लागलेला.

बी झुवेनानं तिला खाली ठेवलं नाही.
"परत," ती म्हणाली,
"परत म्हण."

शेळी तोवर दाराशी पोचली होती.